नचिकेताचा प्रश्न आणि जिन्याखालची पिशवी

॥ श्री गुरवे नमः ॥



डिसेंबर लागला. दिवाळीच्या आवरासावरीत बाजूला काढलेल्या पिशव्या अजून बऱ्याच घरांत जिन्याखाली, माळ्यावर नाहीतर गॅलरीच्या कोपऱ्यात पडून असतील. "कुणाला तरी देऊन टाकू" असं म्हणून ठेवलेल्या. आणि याच महिन्यात ७ तारखेला सशस्त्र सेना ध्वजदिन येतो, १६ ला विजय दिवस, १९ ला गोवा मुक्तिदिन. एकीकडे घरातलं नको झालेलं सामान, दुसरीकडे देशासाठी प्राण दिलेल्यांची आठवण. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असं कुणालाही वाटेल.

पण संबंध आहे. तो दाखवणारी गोष्ट कठोपनिषदाच्या अगदी सुरुवातीलाच आहे. या आठवड्याचा आपला पाठ तिथूनच सुरू करू. घरातल्या मुलांनाही सोबत बसवा, कारण गोष्ट एका मुलाचीच आहे.

*१. म्हाताऱ्या गाईंचं दान*

नचिकेताच्या वडिलांनी यज्ञ केला. त्या यज्ञाचा नियम असा, की जवळ असेल ते सगळं दान करायचं. दक्षिणा म्हणून गाई निघाल्या. मुलगा दारात उभा राहून बघत होता. गाई कशा होत्या? पाणी पिण्याचं त्राण संपलेलं, गवत चावण्याची ताकद गेलेली, दूध आटलेलं, वेत थांबलेलं. उपनिषद हे फार थोड्या शब्दांत सांगतं, पण चित्र डोळ्यांपुढे उभं राहतं.

इथे वडिलांनी खोटं काही केलं नव्हतं. दान मोजून दिलं होतं. गाय म्हणून गायच दिली होती. चूक धरायची तर कुठे धरायची? नचिकेतानं ती बरोबर धरली. या गाई देऊन देणाऱ्याचं काही कमी होत नव्हतं, उलट चारापाण्याचा भार हलका होत होता. घेणाऱ्याच्या दारात मात्र एक ओझं जाऊन उभं राहणार होतं.

मग त्यानं वडिलांना विचारलं, की आपल्याला ते कुणाला देणार? सगळंच द्यायचं तर मुलगा हीही त्यांचीच ठेव. एकदा विचारलं, दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारल्यावर वडील चिडले आणि तुला मृत्यूला दिलं, असं म्हणून गेले. मुलगा खरंच यमाच्या दारी गेला आणि तीन रात्री उपाशी बसून राहिला. पुढचा सगळा आत्मज्ञानाचा संवाद तिथून सुरू होतो. म्हणजे एवढ्या मोठ्या उपनिषदाची सुरुवात घरातलं नको झालेलं दान म्हणून दिल्यामुळे झाली, हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

आता आपल्या बोलण्याकडे बघू. आपण "देऊन टाकू" म्हणतो. मराठीत हा जोडशब्द किती सहज तोंडात येतो! पण त्यात देणं किती आणि टाकणं किती, हे ज्याचं त्यानं बघायचं. देताना आपलं लक्ष घेणाऱ्याकडे असेल तर ते देणं. लक्ष आपल्या कपाटाकडे असेल, ते कधी मोकळं होतंय याकडे असेल, तर ते टाकणं. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे सात्त्विक, राजस, तामस असे प्रकार सांगितलेत, तिथेही कसोटी वस्तूच्या किमतीची नाही. योग्य जागा, योग्य वेळ, योग्य माणूस पाहिला का? परत काही मिळण्याची आशा धरली का? आणि अनादरानं, अवहेलना करून दिलं का? तिथला तामस दानाचा वर्ग वाचताना आपली जिन्याखालची पिशवी आठवली तर तो पाठ मनाला लागला असं समजावं.

*२. दुसऱ्याच्या गाईंसाठी जीव देणारे*

गाईंवरून एक आठवतं. गोवा, बेळगाव, कोल्हापूर, सातारा, कुठेही जुन्या देवळाच्या आवारात जा. एखादा उभा दगड भिंतीला टेकवलेला दिसतो. त्यावर कप्पे पाडून कोरलेली चित्रं असतात. गावातली माणसं कधी त्याला शेंदूर लावतात, कधी त्यावर चपला काढून ठेवतात. हा वीरगळ.

वीरगळ खालून वर वाचायचा. सगळ्यांत खालच्या कप्प्यात लढाई किंवा पडलेला वीर. त्यावर अप्सरा त्याला घेऊन चाललेल्या. त्याच्या वर तो शिवलिंगाची पूजा करताना. माथ्यावर चंद्र आणि सूर्य, म्हणजे जोवर हे आहेत तोवर याची आठवण राहो. काही वीरगळांवर खालच्या कप्प्यात गाई कोरलेल्या असतात. गावाची गुरं शत्रूनं पळवून नेली, ती सोडवायला हा माणूस गेला आणि परत आला नाही, असा त्याचा अर्थ. गोव्याच्या कदंबांच्या काळातल्या काही वीरगळांवर तर गलबतं आहेत, समुद्रावरची लढाई आहे.

वाजश्रवसानं आपल्या नकोशा गाई दिल्या, आणि या माणसानं दुसऱ्यांच्या गाईंसाठी आपला हवाहवासा जीव दिला. दोन्हीकडे देणंच आहे. पण फरक केवढा!

जवानाच्या बाबतीत आपण "बलिदान" हा शब्द इतका वापरतो, की त्यातलं देणं दिसेनासं होतं. त्याला जगणं नको झालेलं नव्हतं. त्याला घर बांधायचं होतं, मुलाला शाळेत घालायचं होतं, पुढच्या सुट्टीचं तिकीट काढायचं होतं. जे हवं होतं तेच त्यानं दिलं. आणि त्याच्या पाठोपाठ त्याच्या आईनं, बायकोनं, मुलांनीही दिलं. त्यांना तर कुणी विचारलंही नव्हतं.

*३. खुर्दा नव्हे, नाव*

ग्वाल्हेर-इंदूरकडच्या आपल्या मंडळींना पानिपताची गोष्ट घरातल्या गोष्टीसारखी माहीत असते. १४ जानेवारी १७६१ चा तो दिवस. हार झाल्याची बातमी सांकेतिक भाषेत आली, असं सांगतात. तिच्यात मोठी माणसं मोती झाली, सरदार मोहरा झाले, आणि बाकीचे हजारो शिपाई? ते रुपये आणि खुर्दा झाले, किती गेले त्याची गणती नव्हती. त्या खुर्द्यातल्या प्रत्येक नाण्याला आई होती.

म्हणून सन्मानाची पहिली पायरी म्हणजे नाव. दिल्लीत इंडिया गेटजवळ २५ फेब्रुवारी २०१९ रोजी राष्ट्रीय समर स्मारकाचं उद्घाटन झालं. त्यातल्या त्यागचक्रात स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्या प्रत्येकाचं नाव ग्रॅनाइटच्या पाटीवर कोरलं आहे. तिथे अधिकारी आणि शिपाई यांच्या पाट्या सारख्याच. दिल्लीला गेलात तर फक्त फोटो काढून परत फिरू नका. आपल्या जिल्ह्यातलं एक नाव शोधा आणि ते मोठ्यानं वाचा.

दिल्ली लांब असेल तर जवळचंही पुष्कळ आहे. बेळगावात मराठा लाईट इन्फंट्रीचं केंद्र आहे. त्या रेजिमेंटचे नाईक यशवंत घाडगे दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढत होते. १० जुलै १९४४ ला त्यांच्या तुकडीतले बाकीचे सगळे पडले किंवा जखमी झाले, तेव्हा ते एकटे शत्रूच्या मशिनगनच्या ठाण्यावर चालून गेले. ठाणं घेतलं आणि तिथेच गोळी लागून गेले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. रायगडमधल्या माणगावात त्यांचा पुतळा आहे.

गोव्यातल्यांनी १९६१ चं अंजदीव आठवावं. गोवा मुक्तीच्या मोहिमेत त्या छोट्या बेटावर उतरताना आपल्या नौदलाचे सात जण गेले. गोव्यातल्या नौदलाच्या 'गोमंतक' तळावर त्यांचं स्मारक आहे. १९ डिसेंबरची सुट्टी आपल्याला मिळते, त्या सुट्टीमागे हे सात जण आहेत.

हैदराबादच्या मंडळींसाठी लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर. आधी हैदराबाद संस्थानच्या फौजेत, मग पूना हॉर्समध्ये. १९६५ च्या युद्धात फिल्लोराच्या लढाईत जखमी झाले, तरी मागे जायला नकार दिला. जखम तशीच घेऊन रणगाड्यांच्या पुढे राहिले आणि १६ सप्टेंबरला कामी आले. परमवीरचक्र मिळालं. घरी जाण्याचं कारण हातात असताना जो जात नाही, त्याचं देणं कशानं मोजणार?

एक सूचना याच संदर्भात. आपल्या कुटुंबाच्या ग्रुपवर जवानांच्या पोस्ट खूप येतात. पुढे पाठवण्याआधी तीन गोष्टी बघू या. नाव आणि फोटो खरा आहे का? पार्थिवाचा किंवा रडणाऱ्या घरच्यांचा फोटो तर नाही ना? कुटुंबाचा फोन नंबर किंवा खातं क्रमांक तर त्यात नाही ना? यातलं काहीही खटकलं तर ती पोस्ट आपल्यापाशीच थांबवायची. हीसुद्धा सेवाच आहे.

*४. आता पिशवी उघडू*

गोष्ट ऐकून झाली, आता कामाला लागू. घरातल्या सगळ्यांनी मिळून ती पिशवी जमिनीवर रिकामी करा आणि तीन ढीग करा.

पहिला ढीग देण्याचा. कसोटी एकच, ही वस्तू पाहुण्यांसमोर आपण स्वतः वापरली असती का? असती, तर ती देण्याजोगी. तीही जशीच्या तशी नाही. कपडे धुऊन, बटणं लावून, घडी घालून. चादरी-रजया उन्हात टाकून. कुकर असेल तर शिट्टी आणि रिंग सकट. दप्तराची चेन लागते का बघून. बुटांचा जोड एकत्र बांधून. मिक्सर, पंखा एकदा चालवून. जुना मोबाईल द्यायचा तर आतले फोटो, बँकेची ॲपं, सगळं पुसून. शाळेची पुस्तकं द्यायची तर इयत्ता, माध्यम आणि बोर्ड विचारून. बेळगावच्या मुलाला महाराष्ट्राचं पुस्तक आणि इंदूरच्या मुलाला कर्नाटकचं, याचा काय उपयोग?

वॉकर, कुबड्या, व्हीलचेअर, कमोडची खुर्ची, हवेची गादी हे सामान बऱ्याच घरांत आजारी माणूस गेल्यावर तसंच पडून राहतं. हात लावायला जीव होत नाही. आम्ही ते समजू शकतो. पण त्याची आज कुणाला तरी अगदी तातडीनं गरज असते. स्वच्छ पुसून केंद्रावर कळवा, ग्रुपवर एक ओळ टाकली की त्याच दिवशी मागणी येते.

दुसरा ढीग टाकण्याचा किंवा विकण्याचा. फाटलेलं, डागाळलेलं, तुटलेलं. यात लाज नाही. रद्दी रद्दीवाल्याला, भंगार भंगारवाल्याला. बोहारणीला जुने कपडे देऊन भांडं घ्यायची रीत आपल्या आजीच्या काळापासूनची आहे, आणि तो सरळ व्यवहार आहे. फक्त त्याला दान म्हणू नये. २०२३ पासून अनेक शहरांत नगरपालिकांनी जुन्या वस्तू घेणारी केंद्रं काढली आहेत, तिथेही चौकशी करा. उरलेली औषधं मात्र कुणालाही द्यायची नाहीत.

२००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून जुन्या कपड्यांचे ढीग गेले. घर, होडी, माणसं गमावलेल्या कोळी कुटुंबांपुढे न लागणारे, न शोभणारे कपडे येऊन पडले. पुष्कळसे रस्त्याकडेला तसेच राहिले. पाठवणाऱ्यांचं मन वाईट नव्हतं. वाजश्रवसाचंही नव्हतं. फक्त समोरच्याला काय हवं, हे विचारायचं राहून गेलं.

तिसरा ढीग जपण्याचा. हा सगळ्यांत लहान, पण महत्त्वाचा. आपल्यापैकी कितीतरी घरांत आजोबा, पणजोबा फौजेत होते. त्यांची काळी पत्र्याची ट्रंक माळ्यावर असते. ती न उघडता भंगारात देऊ नका. आत एखादं पदक असू शकतं. पहिल्या महायुद्धाच्या पदकांच्या कडेवर शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत ठोकलेली असते. त्यातलं एक पदक चांदीचं होतं, म्हणून अनेक घरांत ते आटवलं गेलं. पदक काळं पडलं असेल तरी चिंचेनं घासू नका, कडेची अक्षरं झिजतात. मऊ कापडानं पुसा, फोटो काढा, नाव वहीत लिहा, घरातल्या मुलांना वाचून दाखवा. पुसट पत्रं, पेन्शनचं पुस्तक, डिस्चार्जचा कागदही ठेवा. वीरगळ कोरायला आपल्याजवळ दगड नाही, पण ही ट्रंक आहे.

*५. जवानाच्या घरी काय न्यायचं?*

कधीकधी प्रश्न येतो, की जमा झालेले कपडे, भांडी हुतात्म्याच्या घरी पोचवावीत का? आमचं उत्तर स्पष्ट आहे. नाही. ते घर दानपात्र नाही, ते देणाऱ्याचं घर आहे. तिथे आपल्या वापरलेल्या साड्यांची पिशवी न्यायची नाही.

मग काय करायचं? एक सरळ मार्ग ध्वजदिन निधीचा. ७ डिसेंबर हा दिवस १९४९ पासून पाळला जातो. लाल, गडद निळा आणि फिकट निळा असा तीन पट्ट्यांचा छोटा ध्वज छातीवर लावतात, तिन्ही दलांचे ते तीन रंग. हा निधी हुतात्म्यांची कुटुंबं, जखमी जवान आणि माजी सैनिक यांच्यासाठी वापरला जातो. सैनिक कल्याण कार्यालयात तो देता येतो. दुसऱ्या ढिगाची रद्दी-भंगार विकून जे पैसे येतील, ते यात घाला. आणि तेवढेच स्वतःच्या खिशातले वर घाला. पहिला भाग नकोशा वस्तूंचा आहे, दुसरा आपल्याला हव्या असलेल्या पैशांचा. नचिकेताची कसोटी या दुसऱ्या भागाला लागते.

पैशांपलीकडेही बरंच असतं. अंत्ययात्रेला सगळा गाव लोटतो. वर्ष-दोन वर्षांनी, पेन्शनच्या कागदात स्पेलिंग चुकलं म्हणून ती बाई तालुक्याला तिसऱ्यांदा चालली असते, तेव्हा सोबत कोण असतं? मुलाच्या प्रवेशाची रांग, पेरणीच्या दिवसांत मिळत नसलेला ट्रॅक्टर, म्हाताऱ्या सासऱ्यांचा डोळ्यांचा दवाखाना. आपला वेळ ही आपल्याला सगळ्यांत हवी असलेली वस्तू. ती द्यायची.

*६. हळदीकुंकू आणि वाण*

आता पाठाचा सगळ्यांत अवघड भाग. शांतपणे वाचावा.

मार्गशीर्षातले गुरुवार आले, पुढे संक्रांत. घरोघरी हळदीकुंकू होईल, वाण लुटलं जाईल. प्लास्टिकचा डबा, स्टीलची वाटी, चाळणी. खरं सांगायचं तर ज्या घरांत हे वाण जातं, तिथल्या कपाटात असे दहा डबे आधीच असतात. पुढच्या दिवाळीत जिन्याखालच्या पिशवीत तेच निघतात.

आणि त्याच गल्लीत, त्याच इमारतीत एखादी वीरपत्नी राहते. तिच्या नवऱ्याच्या फोटोला २६ जानेवारीला आपण हार घातलेला असतो. तिला हळदीकुंकवाचं बोलावणं जातं का?

पानिपतानंतर लाख बांगडी फुटली, असं आपण आजही म्हणतो. त्या फुटलेल्या बांगड्यांचं दुःख आपल्याला कळतं, म्हणून तर शब्द टिकला. मग नव्यानं बांगडी फोडण्याची, कुंकू पुसण्याची आणि त्या बाईला दारातून वगळण्याची रीत का टिकावी? मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड ग्रामपंचायतीनं ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र, जोडवी काढायची नाहीत. महाराष्ट्र सरकारनं इतर गावांनाही तसं करायला सांगितलं. एका लहान गावाला जे सुचलं ते आपल्या सत्संग परिवाराला सहज जमण्यासारखं आहे.

यात एक काळजी घ्यायची. बोलावणं पाठवताना आधी घरी जाऊन बोलावं. कुंकू लावावं का, ओटी भरावी का, हे त्यांना विचारावं. नको म्हणाल्या तर आग्रह नको, हो म्हणाल्या तर इतरांच्याच रांगेत, इतरांसारखंच. वेगळी खुर्ची, शाल, भाषण, फोटो असलं काही नको. त्या घरी येतात, गप्पा मारतात, तीळगूळ घेतात आणि जातात, एवढंच व्हावं. आणि हे फक्त वीरपत्नींपुरतं का ठेवायचं? ज्या ताईंचे, काकूंचे, वहिनींचे यजमान आजारानं गेले, त्यांनाही तेच बोलावणं. घरातल्या मोठ्या माणसांना पटायला वेळ लागेल. वाद घालू नका, त्यांना नचिकेताची गोष्ट सांगा. तोही वडिलांशी भांडला नव्हता, त्यानं फक्त विचारलं होतं.

*या आठवड्याचा स्वाध्याय*

घरात सगळ्यांनी मिळून करायचा. उत्तरं ग्रुपवर पाठवायची गरज नाही.

१. पिशवीचे तीन ढीग करा. पहिल्या ढिगातली एक वस्तू अशी ठेवा, जी देताना मनाला थोडं लागेल.

२. आपल्या गावातल्या किंवा जिल्ह्यातल्या, देशासाठी गेलेल्या एका जवानाचं नाव, पलटण आणि वर्ष शोधून मुलांच्या वहीत लिहा. देवापुढे दिवा लावताना रोज ते नाव घ्या.

३. ७ डिसेंबरपर्यंत रद्दीचे पैसे आणि तेवढीच आपली भर, दोन्ही निधीत जमा करा.

४. संक्रांतीच्या बोलावण्यांची यादी आत्ताच काढा आणि त्यात कोणाचं नाव नाही ते बघा.

पहिले तीन एका रविवारात होतील. चौथ्याला थोडं धैर्य लागेल. सीमेवर लागतं त्याच्या मानानं ते फारच थोडं आहे.

सर्वांना सप्रेम जय गुरुदेव. 🙏